वन्संच्या कोटाचं कोपर

रफूवालीला खोटं लिहिता येत नव्हतं, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली.

आता गंमत बघा. बाईचा अख्खा धंदा फाटलेलं न फाटल्यासारखं करून दाखवण्याचा. नवऱ्याची लाँड्री होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे खिडकीपाशी हिचं छोटं टेबल आणि त्यावर मान वळणारा दिवा. कुणाच्या सुटाला सिगरेटने भोक पडलेलं, कुणाची शाल दाराच्या कडीत अडकून फाटलेली. ही त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची, उलट बाजूने एक उभा, एक आडवा असे विणत बसायची, आणि काम झालं की कपडा दोन्ही अंगठ्यांवर ताणून उजेडासमोर धरायची. सैल कपड्यावर कुणीही फसवेल, ताणल्यावरही दिसलं नाही तरच काम पुरं, असा तिचा नेम होता. गिऱ्हाईक भोक शोधत बसायचं आणि ही गालातल्या गालात हसत म्हणायची, "शोधा, शोधा."

हे सगळं चार वर्षांपूर्वीचं. मग मान धरली. मानेतून खांदा, खांद्यातून दंड, दंडातून थेट उजव्या हाताची बोटं. एक्सरे काढले, मोठ्या नळकांड्यात घालून फोटो काढले, गोळ्या झाल्या, मलमं झाली, गळ्यात पट्टा झाला. एका डॉक्टरने सांगितलं, व्यायाम करा. दुसऱ्याने सांगितलं, अजिबात हलू नका. दुखणं आपलं ठाण मांडून बसलेलं. आणि हळूहळू बाईचं मनच बसलं. सकाळी उठायची ती एक मोजा पायात, एक हातात, अशी पलंगाच्या कडेला तासभर बसून राहायची. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर विचारायची नाही. तिचं टेबल नवऱ्याने आधी झाकून ठेवलं, मग त्यावर दोन धुतलेले टॉवेल ठेवले, आणि बघता बघता तिथे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग उभा राहिला. त्याने तो मुद्दाम नाही रचला. आणि तिनेही तो हटवा म्हटलं नाही, हे जास्त वाईट.

या घरात हार न मानणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दोन अनोळखी माणसांची लाइन जोडायची आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून "तीन मिनिटं झाली" म्हणायचं, हे त्यांचं काम. एक्स्चेंज कधीच बंद पडलं, पण सवय गेली नाही. भावजय रडायला लागली की वन्सं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायच्या आणि बरोबर वेळेवर म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. बाकीचं उद्या. आता तोंड धू."

कुणाला हे कठोर वाटेल. रफूवालीला वाटत नसे. ती तीन मिनिटं तरी कुणीतरी तिच्या रडण्यासाठी राखून ठेवलीयत, एवढं तिला कळत होतं.

तर या वन्संनीच कुठूनसं ऐकलं, की डोक्यावर चुंबक धरून उपचार करतात. मन उतरलेल्यांसाठी, आणि त्यातल्या काहींची जुनी दुखणीही त्याने हलकी होतात. झालं! दुसऱ्या दिवशी भावजयीचा हात धरून वन्सं मोठ्या इस्पितळात हजर.

डॉक्टरीण बाई शांत होत्या. म्हणाल्या, "दुखणं आणि उदासी तुमच्याकडे एकमेकांचा हात धरून बसलीयत. एकाला उठवलं तर कदाचित दुसरंही उठेल. कदाचित, हं. सगळ्यांना गुण येतो असं नाही. आपण वीस बैठका करू, आठवड्याला पाच. रोज संध्याकाळी या कागदावर दुखण्याचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. विसाव्या दिवशी आपण कागद बघणार. फरक दिसला तर पुढच्या दहा. नाही दिसला, तर ही खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागते. मशीन एकच आहे."

"आकडा कसा लिहायचा?" रफूवालीने विचारलं.

"खरा लिहायचा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

एवढंच सांगितलं त्यांनी. रफूवालीने ते पदराला गाठ मारून ठेवलं.

पहिल्या दिवशी मशीनवाली मुलगी गळ्यात मोजपट्टी अडकवून आली, आणि कित्येक महिन्यांनी रफूवालीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. डोक्याला मोजपट्टी! नाकापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. "तुम्ही पट्टी सैल धरताय," ती एकदम म्हणाली. मुलगी दचकली, मग हसली आणि पट्टी नीट धरली. पांढऱ्या टोपीवर खुणा झाल्या. मग चुंबकाचं ते जाड वेटोळं डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवून तिने एकेक ठोका देत जागा शोधली, आणि एका ठोक्याला रफूवालीचा उजवा अंगठा आपोआप उडाला. तिने न हलवता! ज्या अंगठ्यावर तिने हजारो कपडे ताणले, तो मांडीवर बेडकासारखा टुणकन उडाला.

"हे काय?" तिचे डोळे विस्फारले.

"अंगठ्याचं बटण वर डोक्यात असतं. ते सापडलं की जोर किती ठेवायचा ते कळतं," मुलगी म्हणाली. "आता इथून थोडं पुढे सरकायचं."

वन्सं कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "म्हणजे आधी लाइन तपासली, आता जोडणार."

कानात बोळे घालून बैठक सुरू झाली. चार सेकंद टकटकटकटक, मग अर्धं मिनिट शांतता, पुन्हा टकटकटकटक. असं पाऊण तास. वन्संनी त्या मशीनचं नाव सुतारपक्षी ठेवलं. टाळूला चिमटे बसल्यासारखं व्हायचं, पहिले दोन दिवस डोकंही दुखलं, मग सवय झाली. बैठक चालू असताना वन्सं समोर बसून एक्स्चेंजमधले किस्से सांगायच्या. कानात बोळे असल्याने रफूवालीला अर्धं ऐकू यायचं नाही, पण वन्संचे हात बघण्यात तिचा वेळ जायचा. उजवा हात हवेत नाचायचा आणि डावा मात्र कायम पोटाशी आखडलेला. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजते, असं तिला वाटायचं.

आणि रोज संध्याकाळी ती कागद भरायची. कशी, ते ऐका. दार लावून खिडकीपाशी उभी राहायची. मान डावीकडे वळवायची, अगदी शेवटपर्यंत. मग उजवा हात पाठीमागे नेऊन डाव्या हाताने मनगट धरायचं आणि ओढायचं. जिथे कळ उठेल, तिथे थांबून श्वास मोजायचे. डोळ्यात पाणी आलं की हात सोडायचा, आणि कागदावर लिहायचं: आठ.

दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी आठ. एकदा नऊ, कारण जरा जास्तच ओढलं. मध्ये कधीतरी सात आले, तर तिला शंका आली, आपण नीट बघितलं नसेल. तिने पुन्हा ओढून पाहिलं आणि खोडून आठ केले. सैल कपड्यावर कुणीही फसवेल! इतकी माणसं आपल्यासाठी झटतायत, त्यांना खोटा आकडा कसा द्यायचा?

या अवधीत घरात काय काय झालं ते तिच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. नवरा घासासकट थांबला. चार वर्षांत बाईने मीठ कमी म्हटलं नव्हतं की जास्त म्हटलं नव्हतं. त्याने गुपचूप मीठ आणून दिलं आणि आत जाऊन डोळे पुसले. बोलला मात्र काही नाही. बोललो तर जे आलंय ते पळून जाईल, अशी भीती बिचाऱ्याला.

एकोणिसाव्या दिवशी इस्पितळातली गरम हवेची यंत्रणा भलतीच तापली होती. वन्संना घाम फुटला. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पाणी प्यायला गेल्या. करडा, जाड लोकरीचा जुना कोट. रफूवाली खुर्चीतून उठता उठता थबकली. कोटाच्या डाव्या बाहीला, बरोबर कोपरावर, भोक होतं. चांगलं रुपयाएवढं. आतून करड्या कापडाचा तुकडा सेफ्टी पिनने लावलेला.

म्हणून तो हात पोटाशी!

वन्सं परत आल्या तेव्हा कोट भावजयीच्या कडेवर होता.

"दे इकडे," वन्सं म्हणाल्या.

"नाही देणार."

"अगं, जुना कोट आहे, राहू दे. तुझी मान..."

"वन्सं, हे भोक घेऊन तुम्ही माझ्याबरोबर रस्त्याने चालता? लोक काय म्हणतील? रफूवालीच्या नणंदेचा कोट!"

तिचा आवाज चढला होता. मशीनवाली मुलगी दारात उभी राहून बघत राहिली. तीस वर्षं लोकांची बोलणी तोडणाऱ्या वन्संचं बोलणं कुणीतरी पहिल्यांदा तोडलं, ते तिथे.

दुपारी लाँड्रीत तिने टेबलावरचा ढीग स्वतः उचलून बाजूला ठेवला. दिवा पेटेना, तर नवऱ्याने धावत जाऊन नवा बल्ब आणला. तिने कोटाच्या खालच्या दुमडीतून धागे काढले, पिन काढली, भोकाच्या कडा बोटाने चाचपल्या. कडा बोथट झालेल्या, लोकर चेपून घट्ट झालेली. हे भोक काल-परवाचं नव्हे, तिच्या बोटांना तेवढं कळत होतं. मग वन्सं बोलल्या का नाहीत? ती क्षणभर विचारात पडली. पण सुईत धागा गेला आणि विचार मागे राहिले. एक उभा, एक आडवा. उभे धागे भरून झाले तेव्हा ऊन खिडकीच्या खालच्या काचेवर होतं. काम संपलं तेव्हा ते समोरच्या भिंतीवर गेलं होतं. नवऱ्याने मधल्या वेळेत दुकानाच्या दाराची घंटी काढून खिशात ठेवली होती आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी तो कुजबुजत बोलत होता. लोकांना वाटलं, याचा घसा बसलाय.

तिने कोपर अंगठ्यांवर ताणलं, उजेडासमोर धरलं. दिसेना. तेव्हा ती हसली.

मग संध्याकाळ झाली, आणि बाईसाहेबांनी दार लावून मान वळवली, हात ओढला, आणि इमानदारीत लिहिलं: आठ.

विसाव्या दिवशी बैठक झाल्यावर डॉक्टरीण बाईंनी कागद हातात घेतला. वरून खाली बोट फिरवलं. आठ, आठ, नऊ, आठ. त्यांनी चष्मा काढला. "मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकही बैठक चुकवली नाहीत. पण आकडा हलला नाही. हा उपचार तुम्हाला लागू पडत नाही, असंच म्हणावं लागेल. आपण दुसरं काही..."

रफूवालीला ओरडून सांगावंसं वाटलं, नका थांबवू. पण का, ते तिचं तिलाच कळेना. आकडा तर खरा होता. तिनेच लिहिलेला. कशाच्या जोरावर खुर्ची अडवायची? यादीतलं कुणीतरी तिकडे एक मोजा हातात घेऊन बसलं असेल. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आभारी आहे मी. मनापासून."

"काय बरोबर आहे?" वन्संचा पारा चढला. "डोंबल! कागदाला काय विचारता? हे बघा!" आणि त्यांनी कोटाचं कोपर थेट डॉक्टरीण बाईंच्या नाकासमोर धरलं. "इथे भोक होतं. काल दुपारपर्यंत होतं. शोधा!"

डॉक्टरीण बाई गोंधळल्या. पण त्यांनी शोधलं. चष्मा लावून शोधलं. मशीनवाली मुलगीही वाकली. "मी काल पाहिलंय ते," ती म्हणाली. "एवढं मोठं होतं. या बाहीला की त्या?"

"ह्याच," रफूवाली सवयीने म्हणाली. "शोधा, शोधा."

"किती वेळ लागला याला?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"साडेतीन तास असतील."

"मध्ये किती वेळा उठलात?"

"मध्ये उठलं की धाग्याचा ताण बदलतो हो. एका बैठकीत..." आणि ती थांबली.

साडेतीन तास. मान खाली घालून. गेली चार वर्षं वर्तमानपत्राचं एक पान वाचायला तिला मान खाली घालता येत नव्हती.

"आणि काल संध्याकाळी तुम्ही आठ लिहिलेत," डॉक्टरीण बाई हळूच म्हणाल्या. "कसे लिहिलेत, मला दाखवाल?"

रफूवाली उठली. मान डावीकडे वळवली, हात पाठीमागे नेला, मनगट धरलं आणि...

"अहो, थांबा!" डॉक्टरीण बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हे रोज करता?"

"रोज. ताणून बघितल्याशिवाय खरं कसं कळणार? तुम्हीच म्हणालात, खरा आकडा लिहा."

वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे बाई! वीस दिवस तो सुतारपक्षी बिचारा ठोकून ठोकून दुखणं घालवतोय, आणि तू रोज संध्याकाळी त्याला दारातून ओढून परत आणतेस!"

मशीनवाली मुलगी भिंतीकडे तोंड करून हसत होती. डॉक्टरीण बाईंनाही हसू आवरेना. "चूक माझीच," त्या म्हणाल्या. "कसा लिहायचा हे मीच नीट सांगितलं नाही. असं कुणाचंही ओढलं तर दुखेल. माझंही आठ येईल. आता बसा. काही करू नका. नुसतं सांगा, या क्षणी किती आहे?"

रफूवाली बसली. हात मांडीवर ठेवले. ज्यातून चार वर्षं क्षणाचीही सुटका नव्हती, त्याची ती वाट बघत बसली. मानेत होतं काहीतरी. खांद्यात थोडं जड. पण ते तिच्यावर बसलेलं नव्हतं, बाजूला कुठेतरी होतं.

"तीन," ती म्हणाली. तिचा स्वतःच्या आवाजावर विश्वास बसेना. "तीन कसे असतील? एकदा ताणून बघू का?"

"नको!" तिघी एकदम ओरडल्या.

डॉक्टरीण बाईंनी तिला आणखी बरंच विचारलं. झोप, भूक, सकाळचं उठणं. मीठ कमी असल्याची गोष्ट वन्संनी सांगितली, ती त्यांना भावाने चोरून सांगितली होती. सगळं लिहून घेतल्यावर त्यांनी पुढच्या दहा बैठकांच्या कागदावर सही केली. "पुढे काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तीनचे कधी पाचही होतील. पण खुर्ची तुमची आहे."

दोघी घरी आल्या. नवऱ्याने त्यांचे चेहरे बघून तीन कप चहा ठेवला. रफूवाली आपल्या टेबलापाशी बसली. वन्सं समोर स्टुलावर, कोट अंगात, आणि आता डावा हातही उजव्यासारखा हवेत नाचत होता.

"वन्सं," ती म्हणाली, "ते भोक जुनं होतं."

"असेल."

"किती जुनं?"

वन्संनी चहात फुंकर मारली. "तू आजारी पडलीस ना, त्याच थंडीतलं. बसमधून उतरताना खिळ्याला अडकलं."

"चार वर्षं?" रफूवाली बघतच राहिली. "चार वर्षं पिन लावून फिरलात? दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायचात. चौकात बसतो की एक जण. किंवा नवा घ्यायचा."

"अगं, दुसऱ्या कुणाकडे कसा देऊ?" वन्सं जरा चिडूनच म्हणाल्या. "ते काम तुझं होतं. दुसऱ्याकडे दिला असता तर त्याचा अर्थ काय झाला असता? तू आता बसणार नाहीस या टेबलावर, असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं. मी नाही म्हणणार तसं. म्हटलं, थांबू. लाइन लागेल तेव्हा लागेल."

रफूवालीने पुढे होऊन वन्संचं ते कोपर दोन्ही हातांत धरलं आणि त्यावर कपाळ टेकलं. जी जागा तिलाही आता सापडत नव्हती, तिथेच कुठेतरी. तिला म्हणायचं होतं की तुमचे उपकार फिटणार नाहीत, त्या मुलीचे, डॉक्टरीण बाईंचे, कुणाचेच. पण शब्दांऐवजी रडूच आलं, आणि ते वेगळं रडू होतं, पोटातून मोकळं होऊन आलेलं.

नवरा घाबरून पुढे आला. वन्संनी हाताने त्याला थोपवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट झालं. दोन झाली. तीन झाली. इस्त्री थंड होत गेली, चहावर साय धरली. चौथं मिनिट लागलं आणि गेलं.

"अक्का, तीन कधीच झाली," नवरा हळूच म्हणाला.

"गप रे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी दुसरा हात भावजयीच्या मानेवर ठेवला, अगदी अलगद. "रडू दे तिला. आज वाढवून दिलीयत."